किती वाकतो ते नंतर विचारा, आधी सरळ होतो का बघा

गुडघा बदलायचं ऑपरेशन करून कोणी घरी आलं की भेटायला येणारे सगळे एकच विचारतात, "किती वाकतो?" शेजारचे विचारतात, गावाहून आलेली नणंद विचारते, खालचा इस्त्रीवाला पण विचारतो. मी दादर, परळ, लालबाग या भागात घरी जाऊन फिजिओथेरपी करते आणि इतक्या वर्षांत "सरळ होतो का?" असं विचारणारा पाहुणा मला एकही भेटलेला नाही. खरं तर पहिल्या सहा आठवड्यांत जास्त महत्त्वाचा प्रश्न तोच आहे, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय.

लालबागच्या एका आजींकडे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांना हॉस्पिटलमधून येऊन पाच दिवस झाले होते. आजी कॉटवर आडव्या आणि ऑपरेशनच्या गुडघ्याखाली मस्त जाड उशी. सुनेनेच प्रेमाने ठेवलेली, कारण उशी ठेवली की आजींना बरं वाटायचं. मी ती उशी काढली तर आजी कळवळल्या आणि सून माझ्याकडे अशी बघायला लागली की ही बाई मदत करायला आलीय की छळायला. ती उशी का काढली हे समजायला आधी ऑपरेशनमध्ये काय होतं ते कळायला हवं.

आपल्याकडे सरसकट म्हणतात "वाटी बदलली". वाटी म्हणजे गुडघ्यावरचं ते पुढचं गोल हाड, आणि बदलतात ते मुळात ते नाहीच. सांध्यात वरून मांडीचं हाड येतं, खालून नडगीचं, आणि दोघांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. तो थर झिजला, ज्याला आपण गादी झिजली म्हणतो, की हाडावर हाड घासायला लागतं. ऑपरेशनमध्ये दोन्ही हाडांची टोकं साधारण आठ-दहा मिलिमीटर कापून मापात आणतात, मांडीच्या हाडाला कोबाल्ट-क्रोमची टोपी बसवतात, नडगीवर धातूची थाळी, ती बहुतेक वेळा टायटॅनियमची, आणि दोघांच्या मध्ये पॉलिइथिलीन नावाच्या घट्ट प्लास्टिकची चकती. वाटीच्या मागच्या बाजूला कधी प्लास्टिकचं छोटं बटण लावतात, कधी नाही लावत. किडलेल्या दाताला डेंटिस्ट कॅप घालतो ना, त्याच जातीचं काम आहे हे, अख्खा सांधा काढून दुसरा आणून बसवलाय असं नाही.

आता यात काय बदललं नाही ते बघा. मांडीचा स्नायू तोच, दहा वर्षं लंगडून अर्धा झालेला. मागचे स्नायू तेच, गुडघा वाकडा ठेवून ठेवून आखडलेले. चालायची सवय तीच, एका बाजूला झुकून. सर्जन दीड-दोन तासांत सांधा नवीन करून देतो पण तो सांधा जुन्याच पायात बसलेला असतो, आणि पुढचे तीन महिने जी मेहनत करायची ती या जुन्या पायावर.

म्हणून महागडं इम्प्लांट, म्हणजे ही टोपी, थाळी आणि चकती, घातलं की गुडघा जास्त वाकेल हा समज मनातून काढून टाका. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, साध्या कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याला तेव्हा ५४,७२० रुपये आणि वर जीएसटी, आणि त्याआधी लोक यासाठी दीड-दोन लाख सहज मोजत होते. ऑपरेशननंतर गुडघा किती वाकेल हे बरंचसं ऑपरेशनच्या आधी तो किती वाकत होता यावर असतं आणि बाकीचं व्यायामावर. ज्यांची तारीख अजून महिनाभर लांब आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, आजपासूनच मांडीचे व्यायाम सुरू करा, साखर आटोक्यात आणा, दात किडलेला असेल तर आधी दाखवून घ्या. वजन एक किलो कमी झालं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो, हे मोजून पाहिलेलं आहे, तेव्हा दोन किलो उतरले तरी ते थोडं नाही.

आता त्या उशीची गोष्ट. सांध्यात सूज असते तेव्हा गुडघा पंचवीस-तीस अंशात (पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश) वाकलेला असला की सगळ्यात सुखावतो, कारण त्या स्थितीत आतल्या पिशवीत पाण्याला जास्तीत जास्त जागा मिळते. उशी ठेवली की बरं वाटतं ते याच्यामुळेच. पण आतली जखम भरताना नवीन पेशीजाल तयार होत असतं आणि पाय ज्या स्थितीत जास्त वेळ राहतो त्याच स्थितीत ते आवळत जातं. महिनाभर उशी ठेवली तर गुडघा कायमचा दहा-पंधरा अंश वाकलेला राहू शकतो. दहा अंश ऐकायला काहीच नाही वाटत. पण आपण उभे राहतो तेव्हा सरळ गुडघा जवळजवळ आपोआप लॉक होतो आणि मांडीला विश्रांती मिळते, म्हणून तर आपण बसस्टॉपवर वीस मिनिटं उभे राहू शकतो. गुडघा थोडासाही वाकलेला राहिला तर मांडीचा स्नायू सतत राबत राहतो, पाय आखूड पडल्यासारखा होतो, माणूस लंगडतो, मग कंबर दुखते, आणि मग म्हणतात ऑपरेशन फसलं. सांध्याचं काहीच फसलेलं नसतं, फक्त तो सरळ झालेला नसतो.

तर उशी गुडघ्याखाली नाही, टाचेखाली. जाडसर टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवायची, गुडघ्याच्या मागे पोकळी राहू द्यायची आणि पाय आपल्याच वजनाने खाली जाऊ द्यायचा. पाच मिनिटांपासून सुरुवात, हळूहळू दहा-पंधरा, दिवसातून तीन-चारदा. मागून ताणल्यासारखं दुखतं, ते अपेक्षित आहे. घरच्या घरी तपासायला सोपं, पाय सरळ ठेवून कॉटवर पडायचं आणि कोणीतरी गुडघ्याखालून हात घालून बघायचा, हात आरपार जातोय म्हणजे काम बाकी आहे.

दुसरं मोठं काम मांडीचा पुढचा स्नायू जागा करायचं. जागा म्हणतेय कारण तो अक्षरशः झोपी जातो. सांधा सुजला की मज्जारज्जूतून त्या स्नायूला जाणारा हुकूमच दाबला जातो, शरीर आपलं संरक्षण करत असतं पण त्यात स्नायूचं नुकसान होतं. ऑपरेशननंतर एक महिन्याने त्या मांडीची ताकद ऑपरेशनच्या आधी होती त्याच्या निम्म्यापेक्षा कमी भरते, आणि आधीसुद्धा ती काही फार नव्हतीच. त्या आजींना मी म्हटलं, "आजी, गुडघ्याखाली हा टॉवेल ठेवलाय, तो कॉटवर दाबा." आजी डोळे मिटून, दात ओठ खाऊन दाबत होत्या आणि माझी दोन बोटं वाटीच्या वर मांडीवर, तिथे काहीच हालचाल नाही. हात घट्ट आवळलेले, श्वास रोखलेला, तोंड लाल, मांडी मात्र गार. मी म्हटलं श्वास सोडा, दुसरा पाय आधी दाबून दाखवा, आता दोन्ही एकदम. सातव्या की आठव्या वेळेला बोटाखाली काहीतरी फुरफुरलं, पापणी लवावी तेवढंच, आणि वाटी केसभर वर सरकली. सुनेला बोलावून तिचं बोट तिथे ठेवलं, तिलाही कळलं. त्या दिवसापासून उशी त्या घरात कोणी ठेवली नाही. (हा टॉवेल फक्त व्यायामापुरता बरं का, झाला की काढायचा.)

हा टॉवेल दाबायचा व्यायाम, पावलं वरखाली करणं, टाच कॉटवरून घसरवत गुडघा वाकवणं, पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं, आणि खुर्चीतून हाताच्या कमीत कमी आधाराने उठणं-बसणं, एवढंच जवळजवळ पहिल्या सहा आठवड्यांचं सगळं पुस्तक आहे. कंटाळवाणं आहे, मान्य. पण एकदाच तासभर करून दमण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं चार-पाच वेळा करा. आणि तुमच्या सर्जनने काही खास कारणाने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

दुखण्याबद्दल थोडं मोकळं बोलते कारण इथे लोक विनाकारण सोसतात. "गोळ्यांची सवय नको" म्हणून डॉक्टरांनी लिहिलेली पेनकिलर तिसऱ्या दिवशी बंद करतात, मग दुखतं म्हणून व्यायाम बंद, मग गुडघा आखडतो, मग जास्त दुखतं. लिहिलेल्या वेळी घ्या आणि शक्यतो व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी जमवा. व्यायाम झाला की बर्फ, पंधरा-वीस मिनिटं, फडक्यात गुंडाळून, आणि पाय छातीपेक्षा उंच. गरम पाण्याची पिशवी सुरुवातीला नको, तिने सूज वाढते. जखमेवर हळद नको, तेल नको, आणि मालिशवाल्या बाईंना दोन-तीन महिने सुट्टी द्या, विशेषतः पोटरी कोणाला रगडू देऊ नका, कारण या काळात पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि चोळून ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ करायची गोळी किंवा इंजेक्शन त्यासाठीच दिलेलं असतं, तेही मधेच सोडायचं नाही. पोटरी एकाएकी सुजली, दुखायला लागली, किंवा दम लागला, छातीत दुखलं तर फिजिओची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. तसंच ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढत जाणारी लाली. यात एक दिवसही थांबायचं नाही.

रात्रीची झोप पहिले चार-सहा आठवडे वाईट असते हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस खचतो. तिसऱ्या आठवड्यात बरेच जण रडतात. "उगाच केलं" म्हणतात. मी हे इतक्या घरांत बघितलंय की आता घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवते, असं होईल, तेव्हा उपदेश करू नका, नुसतं शेजारी बसा.

आता वाकण्याकडे येऊ. सपाटीवर चालताना गुडघा पासष्ट-सत्तर अंश वाकतो. जिना चढायला ऐंशीच्या वर, उतरायला नव्वद किंवा थोडं जास्त, साध्या खुर्चीतून उठायला शंभरच्या आसपास, आणि उकिडवं बसायला एकशे वीसच्याही बरंच पुढे. म्हणजे दोन आठवड्यांत नव्वद आणि दोन-तीन महिन्यांत एकशे दहा-पंधरा मिळाले तर मुंबईतलं बहुतेक आयुष्य जगता येतं. सहा-आठ आठवडे झाले आणि अजून नव्वदच्या अलीकडेच अडकलाय तर सर्जनना दाखवा, भूल देऊन गुडघा मोकळा करता येतो पण ते लवकर केलं तरच, सहा महिने "होईल होईल" करत बसलात तर आतलं जाळं घट्ट होऊन जातं.

खरी अडचण संडासाची. चाळीत गॅलरीच्या टोकाला भारतीय पद्धतीचा संडास, तोही चार घरांत एक, आणि ऑपरेशनच्या पायाने उकिडवं बसणं शक्य नाही. लाजू नका, ऑपरेशनच्या आधीच कमोडची घडीची खुर्ची आणून ठेवा, ती भारतीय भांड्यावर ठेवता येते, रात्रीपुरती घरात कॉटशेजारी पण ठेवता येते. घरातली पायपुसणी, सतरंज्या, चार्जरच्या वायरी उचलून टाका, रात्री संडासापर्यंतच्या वाटेवर दिवा राहू द्या. खुर्ची हातांची आणि गुडघ्याच्या उंचीपेक्षा किंचित वर, तो खोल सोफा सहा आठवडे पाहुण्यांसाठी. जमिनीवर बसणं, मांडी घालणं हे सर्जनला विचारून, काहींना जमतं, बऱ्याच जणांना जमत नाही, आणि नाही जमलं म्हणून ऑपरेशन अयशस्वी झालं असं अजिबात नाही. गुडघे टेकवल्याने सांध्याला इजा होत नाही पण टोचल्यासारखं विचित्र वाटतं, कारण जखमेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर राहते, तिथली बारीक नस कापावीच लागते. तो बधिर पट्टा हळूहळू लहान होतो, कधी थोडा कायमचा राहतो. गुडघ्यातून टकटक आवाज येतो तो धातू-प्लास्टिकचा, दुखत नसेल तर सोडून द्या. गुडघा हाताला गरम लागणं आणि संध्याकाळी सुजणं सहा महिनेसुद्धा चालतं.

जिन्याचं एकच वाक्य पाठ करा, चढताना चांगला, उतरताना ऑपरेशनचा. म्हणजे चढताना चांगला पाय आधी वरच्या पायरीवर, उतरताना ऑपरेशनचा आधी खाली. कारण चढा नाहीतर उतरा, शरीराचा सगळा भार वरच्या पायरीवरचा पाय उचलतो नाहीतर सोडतो, आणि ते काम चांगल्या पायाने करायचं. काठी ऑपरेशनच्या उलट्या हातात. हे वाचून नव्वद टक्के लोक म्हणतील की चुकलंय, पण उलट्याच हातात, आपण चालताना उजवा पाय आणि डावा हात बरोबर पुढे जातात तसंच. दुखऱ्या बाजूला काठी धरली की माणूस त्याच बाजूला कलतो.

वॉकर साधारण दोन-तीन आठवडे, काठी सहा आठवड्यांपर्यंत, कोणाला कमी कोणाला जास्त. काठी सोडायची घाई नको, लंगडत विनाकाठीचं चालण्यापेक्षा काठी धरून सरळ चाललेलं कधीही चांगलं. आधी घरात, मग गॅलरीत, मग बिल्डिंगखाली. रोज किती चालायचं याचं माप गुडघाच देतो, दुसऱ्या दिवशी सकाळी तो कालच्यापेक्षा मोठा दिसला तर काल जास्त झालं, आज निम्मं करा, पण बंद करू नका. शिवाजी पार्कचा कट्टा यासाठी फार सोयीचा, चालायला बऱ्यापैकी सपाट आणि दमलं की लगेच टेकायला जागा, पूर्ण फेरी एक किलोमीटरच्या थोडी वर भरते, पण सुरुवातीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच. फुटपाथचे उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि पावसाळ्यातल्या ओल्या लाद्या यांना मी गर्दीपेक्षा जास्त घाबरते. लोकलची घाई तीन महिन्यांच्या आत नको, आणि पहिल्यांदा जाल तेव्हा दुपारी, कोणाला तरी सोबत घेऊन, लिफ्ट असलेल्या स्टेशनवरून. गाडी आणि प्लॅटफॉर्ममधली ती फट आणि वरची पायरी, तिथे चढताना चांगला हेच लागू. कार चालवायची तर बहुतेकांना सहा आठवडे लागतात, अचानक जोरात ब्रेक दाबता यायला हवा हा खरा निकष.

पोहणं, सायकल, लांब चालणं, बॅडमिंटनची डबल्स, हे सगळं पुढे करता येतं. पळणं आणि उड्या टाळा, मधलं प्लास्टिक त्याने लवकर झिजतं. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हजारो ऑपरेशनांचा जो आढावा आला त्यात शंभरातले साधारण ब्याऐंशी गुडघे पंचवीस वर्षं टिकतात असं निघालं, तेव्हा साठीत केलेला गुडघा बहुतेकांना पुरून उरतो. आपल्याकडे अटलबिहारी वाजपेयींनी पंतप्रधान असताना ऑक्टोबर २००० मध्ये डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा इथे मुंबईत ब्रीच कँडी हॉस्पिटलला बदलून घेतला, न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. तेव्हा पेपरात रोज बातमी असायची आणि माझे बाबा ती माझ्या आजीला मोठ्याने वाचून दाखवायचे. तिने मात्र शेवटपर्यंत करून घेतलं नाही, भीतीने. ती शेवटची सहा वर्षं दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती.

हेही लपवत नाही की पाचातल्या एकाला ऑपरेशननंतरही पूर्ण समाधान वाटत नाही. काहींचं दुखणं कंबरेतून येत असतं आणि ऑपरेशन गुडघ्याचं होतं, काहींनी विशीतल्या पायाची अपेक्षा ठेवलेली असते. म्हणून ऑपरेशनच्या आधी सर्जनना स्पष्ट विचारा, मला अमुक करायचंय, मंदिराच्या पायऱ्या चढायच्यात, नातीला शाळेत सोडायचंय, ते होईल का. आणि नंतर आयुष्यभर एक सांभाळायचं, कुठेही जंतुसंसर्ग झाला, दाढ, लघवी, पायाची चिघळलेली जखम, तर लगेच उपचार, कारण ते जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात. डायबिटीस असेल तर दुप्पट जपा.

त्या लालबागच्या आजी लाकडी जिन्याने तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यांदा उतरल्या त्या पाचव्या आठवड्यात, मी एक पायरी खाली, त्या कठडा धरून, आणि प्रत्येक पायरीला मोठ्याने "ऑपरेशनचा, मग चांगला, ऑपरेशनचा, मग चांगला" असा जप. गणपतीला बिल्डिंगच्या आरतीला पूर्ण वेळ उभ्या होत्या, काठी भिंतीला टेकवलेली. मोदक मात्र यंदा पाटावर बसून नाही, टेबलाशी खुर्ची घेऊन केले, आणि त्यावर त्या थोड्या नाराज आहेत. दर्शनाला आलेल्या एका बाईंनी नेहमीचं विचारलं, किती वाकतो. आजींनी समोरच्या स्टुलावर टाच ठेवली, पाय ताणला आणि म्हणाल्या, "वाकतो गं, तू आधी खालून हात घालून बघ."